नाव कुणाच्या नावावर?

३० ऑक्टोबर २०२५ ला सोलच्या मध्यवर्ती जिल्हा न्यायालयानं निकाल दिला की न्यूजीन्स या कोरियन पॉप गटातल्या पाच मुलींनी जो संपल्याचं जाहीर केलं होतं, तो त्यांचा अडोर कंपनीशी झालेला करार वैध आहे, आणि तो ३१ जुलै २०२९ पर्यंत चालणार. त्या रात्री माझी पुतणी पानावर बसली ती तोंड फुगवूनच. ‘काका, अजून चार वर्षं कोंडून ठेवणार त्यांना,’ एवढं बोलून तिनं आमटीत पोळी बुडवली. तिच्या बाबांनी मान वर न करता सुनावलं, ‘सही करताना डोळे मिटले होते का?’ आमच्याकडे वाद तिथंच थांबला, कारण गरम भात आला. बाहेर मात्र हीच दोन वाक्यं वर्षभर हजारो तोंडांतून ऐकू येत होती. एका बाजूला ‘गुलामगिरी’, दुसऱ्या बाजूला ‘कृतघ्न पोरी’. गंमत म्हणजे भांडणाऱ्या दोघांच्याही हातात मोजपट्टी एकच: गट किती वर्षं टिकला. टिकला तर कंपनी भली. फुटला तर खलनायक शोधायचा; मालक, नाहीतर मॅनेजर, आणि ते दोघे हाती लागले नाहीत तर गटातली जी सर्वांत जास्त लोकप्रिय ती.

ही मोजपट्टीच टाकून द्यावी असं माझं म्हणणं आहे. कोरियन पॉप गट किती वर्षं एकत्र राहिला यावरून कंपनीबद्दल काही कळत नाही आणि पोरांबद्दलही नाही. विचारायचं ते हे, की करार संपतो त्या दिवशी गटाचं नाव कुणाच्या नावावर असतं? बाहेर पडायला काय मोजावं लागतं? आणि मी याच्याही पुढे जाऊन म्हणेन की दार जितकं सहज उघडतं तितका गट जास्त टिकतो. हे उलटं वाटेल, पण गेल्या पंचवीस-तीस वर्षांचा हिशेब तेच सांगतो.

आधी तो प्रसिद्ध सातचा आकडा बघू. कोरियात ‘सातव्या वर्षाचा शाप’ असं म्हणायची रीतच पडली आहे, जणू सात वर्षांनी आपसूक भांडणं लागतात. २००९ मध्ये तिथल्या निष्पक्ष व्यापार आयोगानं कलाकारांसाठी एक नमुना करार काढला. त्यात लिहिलं की करार सात वर्षांहून लांब केला असेल तर सात वर्षं उलटल्यावर गायक कधीही नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस दिल्यापासून सहा महिन्यांनी करार संपतो. सात वर्षं आणि सहा महिने. आपल्याकडचा कुठलाही माणूस याला काय म्हणेल ते सांगायला नको. फरक एवढाच की आपली साडेसाती सुरू झाली की माणूस घाबरतो, ही साडेसाती सुटकेची आहे.

त्याआधी काय होतं? ‘शाप’ नसतानाचे गट अमर होते का? पहिल्या पिढीतला सगळ्यांत गाजलेला गट एचओटी १९९६ ला आला आणि २००१ ला संपला. पाचातल्या तिघांनी एसएम कंपनी सोडली, दोघं राहिले. त्याचा प्रतिस्पर्धी सेक्स्कीस १९९७ ला आला आणि २००० च्या मे महिन्यात मोडला, तीनच वर्षांत. एसईएस पाच वर्षं चालला. म्हणजे सात वर्षांचं बंधन येण्यापूर्वी बरेच गट सातपर्यंत पोचतच नव्हते. आज आपण सातव्या वर्षी गट फुटल्याची हळहळ करतो, त्याचं कारण आज गट सातव्या वर्षापर्यंत पोचतात.

नमुना करार आला म्हणून आधीचे लांब करार मात्र आपोआप सुटले नाहीत. जुलै २००९ मध्ये टीव्हीएक्सक्यू हा पाच जणांचा गट टोकियो डोममध्ये दोन दिवस गायला. त्या महिन्याच्या ३१ तारखेला त्यांच्यातले तिघे, किम जेजुंग, पार्क यूचन आणि किम जुनसू, एसएमविरुद्ध न्यायालयात गेले. करार तेरा वर्षांचा होता, आणि सैन्यातली सक्तीची नोकरी त्यात धरलेली नव्हती, ती वेगळी. करार मोडलाच तर कंपनीनं घातलेल्या पैशाच्या तिप्पट, शिवाय उरलेल्या वर्षांत झाला असता त्या नफ्याच्या दुप्पट भरपाई द्यायची, असं तिघांचं म्हणणं समोर आलं. विचार करा, नफ्याचा अंदाज कोण बांधणार? कंपनीच. म्हणजे गट जितका गाजेल तितका बाहेर पडण्याचा दंड वाढणार. आपण कमावलेल्या कीर्तीची वीट आपल्याच भिंतीला लागावी असा हा प्रकार. ऑक्टोबरमध्ये न्यायालयानं तिघांना स्वतंत्रपणे काम करायची अंतरिम मुभा दिली. पण मुभा मिळाली म्हणून काम मिळालं का? जेवायजे या नावानं ते तिघे गात होते, स्टेडियमं भरत होती, आणि दूरचित्रवाणीच्या संगीत कार्यक्रमांत मात्र ते जवळपास दिसत नव्हते. २०१३ मध्ये याच आयोगानं एसएमला आणि व्यवसायातल्या एका संघटनेला त्यांच्या कामात अडथळे आणल्याबद्दल ताकीद दिली. किम जुनसू एका वाहिनीवर गायला उभा राहिला तो थेट एप्रिल २०१५ मध्ये, सहा वर्षांनी. त्याच वर्षी कायदा बदलला गेला, बाहेरच्या कुणाच्या सांगण्यावरून वाहिनीनं कलाकाराला कार्यक्रमातून वगळू नये म्हणून.

हे सगळं वाचताना मला हॉलिवुड आठवतं, आणि आठवण्याचं कारण सातचा आकडाच आहे. १९४३ मध्ये ऑलिव्हिया डी हॅविलंड या अभिनेत्रीनं वॉर्नर ब्रदर्सला कोर्टात खेचलं. तिचा सात वर्षांचा करार संपला होता. पण भूमिका नाकारल्याबद्दल स्टुडिओनं तिला जितके आठवडे बिनपगारी घरी बसवलं होतं, तितके आठवडे आता शेवटी जोडून हवे होते. कॅलिफोर्नियाच्या कायद्यात सात वर्षांची मर्यादा आधीपासून लिहिलेली होती, फक्त ती कुणी मनावर घेत नव्हतं. अपील न्यायालयानं डिसेंबर १९४४ मध्ये स्पष्ट केलं की सात वर्षं म्हणजे कॅलेंडरची सात वर्षं. खटला चालू असताना तिलाही काम मिळेनासं झालं होतं. जेवायजेच्या साठ-पासष्ट वर्षं आधीची तीच युक्ती. पुढे हॉलिवुड बुडालं का? स्टुडिओवाले तर तेव्हा तसंच सांगत होते. नंतरचा एक तपशील मात्र विसरू नये. १९८७ मध्ये अमेरिकी रेकॉर्ड कंपन्यांनी त्याच कायद्यात स्वतःपुरती सोय करून घेतली: गायक सात वर्षांनी जाऊ शकतो, पण कबूल केलेले अल्बम दिले नसतील तर कंपनी भरपाई मागू शकते. थोडक्यात, वर्षं मोजून दिलेला हक्क दुसऱ्या हातानं काढून घेता येतो.

कोरियातही तेच घडलं. २०२३ च्या जूनमध्ये एक्सो गटातले बेकह्यून, शिउमिन आणि चेन यांनी एसएमवर जे आरोप केले, त्यांतला एक हाच होता: मूळचा बारा-तेरा वर्षांचा करार संपायच्या आधीच त्यावर पुढच्या करारांच्या सह्या घेऊन एकूण मुदत सतरा-अठरा वर्षांवर नेली. कंपनीनं तो नाकारला, महिना संपायच्या आत दोन्ही बाजूंनी जुळतंही घेतलं, वर्षभरानं पुन्हा बिनसलं. कोण खरं ते बाजूला ठेवू. पण ‘आता सात वर्षांचं बंधन आहे, मग तक्रार कसली’ असं म्हणणाऱ्यांनी ही बेरीज एकदा करून पाहावी.

आता दुसऱ्या बाजूचं बोलणं, कारण त्यात तथ्य आहे आणि ते माझ्या पुतणीच्या गोटात कुणी ऐकून घेत नाही. कंपनी पैसे घालते, आणि तेही आंधळ्यासारखे. ट्वाइस गटातली जीह्यो जेवायपी कंपनीत दहा वर्षं शिकाऊ होती आणि २०१५ मध्ये गटातून पुढे आली. नाच, गाणं, भाषा, राहणं, खाणं, सगळं कंपनीच्या खात्यावर. अशी कितीतरी मुलं मधेच गळतात. त्यांच्यावरचा खर्च गाजलेल्या एखाद्या गटानं भरून काढायचा असतो. न्यूजीन्सवर आपण सुमारे २१ अब्ज वॉन घातल्याचं अडोरनं न्यायालयात सांगितलं. फिफ्टी फिफ्टी या गटाची गोष्ट तर कंपनीच्या बाजूनं सांगावी अशीच आहे. छोटी कंपनी, मालकानं गाडी आणि घड्याळं विकल्याच्या बातम्या, मग २०२३ मध्ये एक गाणं अचानक जगभर चाललं, आणि काही महिन्यांत चौघी न्यायालयात. ऑगस्टमध्ये न्यायालयानं त्यांचा अर्ज फेटाळला. एक परत आली, तिघींचे करार कंपनीनंच संपवले. अशा वेळी ‘पैसा घालणाऱ्यानं काय करावं?’ हा प्रश्न चुकीचा नाही.

पण या युक्तिवादातून निघतं काय? पैसे वसूल व्हायला वेळ हवा, एवढंच. तो वेळ सात वर्षं पुरतो की दहा, यावर बोलता येईल. मालकी कायमची हवी, हे त्यातून निघत नाही. आणि जीह्योचीच दहा वर्षं दुसऱ्या बाजूनं मोजा की! कराराचं घड्याळ साधारणपणे गट लोकांसमोर आल्यावर सुरू होतं. आठव्या वर्षी कंपनीत आलेली मुलगी अठराव्या वर्षी रंगमंचावर आली आणि तिथून सात वर्षं धरली, तर ती सतरा वर्षं एका छपराखाली राहते. गुंतवणूक काय फक्त कंपनी करते? बालपण कुठल्या खात्यात जमा करायचं? ट्वाइसच्या नऊही जणींनी २०२२ मध्ये करार वाढवला, ही आनंदाची गोष्ट आहे. वाढवण्याचा निर्णय तेव्हा त्यांच्या हातात होता म्हणून.

न्यूजीन्सच्या निकालाबद्दल बोलायचं तर कायदा म्हणून मला त्यात फारसं वावगं दिसत नाही, आणि हे पुतणीला सांगून मी तिचा दोन दिवसांचा अबोला ओढवून घेतला. नोव्हेंबर २०२४ मध्ये पत्रकार परिषद घेऊन ‘आजपासून करार संपला’ असं जाहीर केल्यानं करार संपत नसतो. तसं व्हायला लागलं तर उद्या कंपन्याही पत्रकार परिषदा घेतील. पण ‘सही करताना डोळे मिटले होते का’ हेही तितकंच पोकळ आहे. त्यांच्यातली धाकटी ह्येइन गट पुढे आला तेव्हा चौदा वर्षांची होती. डोळे उघडे असले तरी चौदाव्या वर्षी किती लांबचं दिसतं? हानी या त्यांच्यातल्या दुसऱ्या मुलीनं ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय संसदेच्या समितीपुढे कामाच्या ठिकाणच्या छळाबद्दल साक्ष दिली. पुढच्याच महिन्यात कामगार खात्यानं ते प्रकरण बंद केलं, कारण खात्याच्या मते कामगार कायद्यानुसार ती कामगारच नाही. कारखान्यातला माणूस पटलं नाही तर राजीनामा देतो. ही मुलगी कामगार नाही म्हणून तिला कामगाराचं संरक्षण नाही, आणि व्यापारातली बरोबरीची भागीदार म्हणून करारानं घट्ट बांधलेली. मे २०२५ मध्ये न्यायालयानं बजावलं होतं की परवानगीशिवाय काम केलंत तर प्रत्येकीला दर वेळी एक अब्ज वॉन. बरोबरीच्या भागीदारीचा हा आकडा चौदाव्या वर्षी सही करणारीला कुणी समजावून सांगितला असेल?

मुलींचं वेगळं बोलायला हवं, कारण या वादात ते कुणी बोलत नाही. मुलग्यांच्या गटांना खीळ बसते ती सैन्याची: जवळजवळ दीड वर्षाची सक्तीची नोकरी, प्रत्येकाची पाळी वेगळ्या वर्षी. बीटीएसमधला जिन डिसेंबर २०२२ मध्ये गेला आणि शेवटचा सुगा जून २०२५ मध्ये सुटला, म्हणजे सात जणांचा फेरा पुरा व्हायला अडीच वर्षं. मुलींना सैन्य नाही, तरी २०१६-१७ च्या दीड वर्षात फोर मिनिट, टूएनीवन, वंडर गर्ल्स, सिस्टार, मिस ए असे एकामागून एक गट आटोपले. सातव्या वर्षाच्या शापाची दंतकथा बरीचशी त्या दीड वर्षातून आली आहे. या बायका तेव्हा बहुतेक पंचविशीत, एखाद-दुसरी तिशी नुकती ओलांडलेली. कंपन्यांच्या लेखी त्यांचा मोसम संपला होता, तेवढ्या पैशात नवा गट उभा राहत होता. त्याचं खापर करारावर फोडून कसं चालेल? मोसम खरंच संपला होता का, तेही नंतर दिसलंच. २०१७ मध्ये गर्ल्स जनरेशनमधल्या तिघींनी एसएम सोडली तेव्हा लोकांनी त्यांचं तेरावं घातलं. २०२२ मध्ये पंधराव्या वर्धापनदिनाला आठही जणी एकत्र आल्या, नवा अल्बम घेऊन. टूएनीवन २०२४ मध्ये पुन्हा मैफली करू लागला.

आणि दार दोन्ही बाजूंनी उघडतं हेही खरं. १८ मे २०२१ ला जीफ्रेंडच्या चाहत्यांना कळलं की करार २२ तारखेला संपतोय आणि पुढे काही नाही. चार दिवस! सहा वर्षं चाललेला, नावाजलेला सहा जणींचा गट. इथं कुणी कृतघ्न पोरींचा विषय काढला नाही. कंपनीनं गुंडाळलं की तो धंद्याचा निर्णय, पोरांनी गुंडाळलं की विश्वासघात.

मग टिकतं कोण? शिनह्वा १९९८ चा गट. २००३ मध्ये एसएमशी करार संपल्यावर सहाही जण एकत्र दुसऱ्या कंपनीत गेले, पुढे स्वतःची कंपनी काढली. मधे सैन्यापायी चार वर्षं गप्प राहिले आणि २०१२ मध्ये परतले. पण नावाची मालकी या कंपनीकडून त्या कंपनीकडे फिरत राहिली, आणि स्वतःचंच नाव पूर्णपणे स्वतःच्या हातात यायला २०१५ उजाडलं. सुपर ज्युनियर २००५ चा. लांब करारांचं समर्थन करणारे हे उदाहरण हमखास देतात, ‘बघा, एसएममध्येच राहिले ना?’ राहिले, पण २०२३ मध्ये त्यांच्यातले तिघे वैयक्तिक कामासाठी बाहेर पडले आणि गटापुरते एसएममध्ये राहिले. ब्लॅकपिंकनं त्याच वर्षाच्या डिसेंबरात तेच केलं: चौघींचा गट म्हणून वायजी कंपनीशी करार, आणि एकटीच्या कामासाठी प्रत्येकीची वेगळी व्यवस्था. २०२५ मध्ये त्या जगभर दौऱ्यावर होत्या. माणूस आणि गट या दोन गाठी वेगळ्या बांधल्या की एक सोडताना दुसरी तुटत नाही. एवढी साधी गोष्ट कळायला या धंद्याला वीस वर्षं लागली.

नावाचं मोल किती ते एचओटीच्या लोकांना विचारावं. ऑक्टोबर २०१८ मध्ये सतरा वर्षांनी पाचही जण सोलच्या ऑलिंपिक स्टेडियममध्ये एकत्र उभे राहिले, आणि त्या तीन अक्षरांचा हक्क दुसऱ्याकडे असल्यानं कार्यक्रमाच्या नावात संक्षेपाऐवजी त्याचं पूर्ण रूप लिहावं लागलं. खाली बसलेल्या हजारो बायका, ज्यांनी शाळेत वह्यांवर ती तीन अक्षरं गिरवली होती, त्यांना ती फलकावर दिसली नाहीत. बीस्ट गटानं २०१६ मध्ये क्यूब कंपनी सोडली. नाव क्यूबकडे राहिलं, आणि क्यूबनं त्याच नावाचा नवा गट काढायचा बेतही जाहीर केला (तो निघाला नाही, हे बरं झालं). जुन्या गटाला २०१७ मध्ये हायलाइट म्हणून नव्यानं बारसं करावं लागलं. याच्या उलट गॉट सेव्हन: २०२१ च्या जानेवारीत सातही जणांनी जेवायपी सोडली, प्रत्येकाची कंपनी वेगळी, पण जेवायपीनं नावाचे हक्क त्यांना देऊन टाकले. २०२२ मध्ये अल्बम, २०२५ मध्ये आणखी एक. सातही वेगवेगळ्या घरांत राहतात आणि गट शाबूत आहे. इन्फिनिटचं नाव वुलिम कंपनीच्या प्रमुखांनी २०२३ मध्ये म्होरक्या किम सुंग-ग्यू याला वाढदिवसाची भेट म्हणून दिलं. फुकट. चाहत्यांचे डोळे पाणावले, माझेही थोडेसे. पण सकाळी उठून वाटलं, मालक दिलदार निघाला म्हणून हे झालं. नसता निघाला तर? नमुना करारात नावाचे हक्क शेवटी कलाकाराकडे द्यावेत असं आहे खरं, पण कंपनीनं त्यावर विशेष खर्च केला असेल तर तिला मोबदला मागता येतो. आणि विशेष खर्च केला नाही असं कुठली कंपनी म्हणेल?

यावरचा सर्वांत बळकट आक्षेप असा की नाव पोरांना द्यायचं म्हणजे त्यांच्यातल्या कुणाला? टीव्हीएक्सक्यूचं नाव राहिलेल्या दोघांनी चालवलं. तिघांचा त्यावर हक्क नव्हता का? पाच मालक झाले की पाच तोंडं. शिनह्वातसुद्धा २०२१ मध्ये दोघांनी एकमेकांची उणीदुणी चारचौघांत काढली. मान्य. पण भागीदारी फुटली तर पाटी कुणाची, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक पेढीपुढे येतो आणि कागदावर सोडवला जातो. आमच्या नाटकवाल्यांपुढेही तो आला होता. १९१३ मध्ये बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि गोविंदराव टेंबे किर्लोस्कर मंडळीतून निघाले, तेव्हा किर्लोस्कर ही पाटी मागेच राहिली. पण ‘गंधर्व’ हे बिरुद त्या माणसाचं होतं, ते कुठल्या मंडळीच्या दप्तरात नोंदलेलं नव्हतं. नव्या मंडळीला तेच नाव लागलं आणि प्रेक्षक त्यामागे गेला. कोरियात टोपणनावापासून गटाच्या नावापर्यंत सगळं दप्तरात आधी नोंदलेलं असतं, मूल रंगमंचावर यायच्या आधी. निम्म्याहून जास्त मूळ सभासद मिळून गात असतील तर त्यांना नाव वापरता यावं, कंपनीला ठरावीक वर्षं त्यातून वाटा मिळावा, असं पहिल्याच दिवशी लिहून ठेवायला काय हरकत आहे? कंपनीचा पैसा बुडत नाही, पोरांचं नाव बुडत नाही.

परवा पुतणी कपाटात तिची फोटोकार्डं लावत होती. प्रत्येक कार्ड वेगळ्या प्लॅस्टिकच्या पाकिटात, कोपरा दुमडू नये म्हणून कडक जाड पाकीट वरून आणखी एक. अबोला सुटलेला होता. ‘काका, तू सांग, एकोणतीसमध्ये ह्येइन किती वर्षांची असेल?’ मी हिशेब केला. एकवीस. ‘मग काय, पुढे खूप वर्षं आहेत,’ म्हणाली, आणि कार्डाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत छापलेली कंपनीची ओळ अंगठ्याखाली झाकून तिनं ते मला पुढून दाखवलं.